कोरडा हात

आमचा हात लागला की लोखंड गंजतं, असं वरचे म्हणायचे. आमच्या आज्या कामाला लागल्या तेव्हा म्हणायचे, आया लागल्या तेव्हा म्हणायचे, आम्ही लागलो तेव्हाही म्हणायचे. रागानं नाही. हसून, समजूत घातल्यासारखं. "आमचं तुमच्याशी काय वैर असणार? वैर आहे ते लोखंडाचं." मी सुयांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली. रोज हजारो सुया या हातांमधून गेल्या. लोखंडानं मला कधी विचारलं नाही, तू टेकडीवरची की नदीकाठची.

वरचे म्हणजे टेकडीवर राहणारे. आम्ही खालचे, नदीकाठच्या वस्तीतले. कारखान्यालाही तसेच दोन मजले. तळमजल्यावर तारेचे तुकडे व्हायचे, दगडावर त्यांना टोक यायचं, मग नेढं पडायचं, मग भट्टी, मग तेलात घासणी. इथवर सगळे आमचेच हात. एवढं सगळं होईस्तोवर लोखंड बिचारं निमूट असायचं. मग त्या लखलखीत सुया अकरा पायऱ्या चढून वर जायच्या, पुड्या बांधायला, आणि तिथं मात्र लोखंडाला आमचा हात चालत नसे. मी लहानपणी आईला विचारलं होतं, असं का. आई म्हणाली, "पोरी, त्या अकरा पायऱ्या लोखंडाला चढायला सोप्या आहेत, आपल्याला नाहीत."

मी नेढ्याच्या यंत्रावर. पायानं दाबायचं, हातानं सरकवायचं. एका दाबात एक भोक. म्हणून सगळे मला नेढी म्हणत. माझी भावजय दगडावर. तिच्या आधी माझा दादा त्याच दगडावर होता. अकरा वर्षं त्यानं मूठभर तारा दोन तळव्यांत धरून फिरत्या दगडाला लावल्या, आणि तारांना टोक आलं तसं तसं त्याच्या छातीतलं बळ बोथट होत गेलं. तो गेला त्या आठवड्यात वहिनी त्याच्या जागेवर बसली. दगडाची जागा रिकामी राहत नाही. रडणं घरी राहतं, माणूस कामावर येतं.

दगडावरच्या बायका तोंडाला ओलं फडकं बांधत. फडक्याआडून गुणगुणत. शब्द कुणाला कळत नसत, पण मला पाठ होते, कारण ते वहिनीनंच जोडलेले.

फिरे दगड गरगरा, उडे ठिणगीचं फूल
माळलं मी श्वासात गं, नाही कुणाला चाहूल.

मला चाहूल होती. आमची एकच खोली, मधे एक पडदा. पडद्यापलीकडे ती बसून झोपायची. आडवं झालं की दम कोंडायचा. भिंतीला पाठ लावून, उशी मांडीवर घेऊन बसायची नि सकाळी मलाच म्हणायची, "काय वन्सं, झोप लागली का? घोरत होता अगदी." तिची थट्टा ऐकली की मला हसू यायच्या आधी राग यायचा. तिच्यावर नाही. कुणावर ते मला तेव्हा नेमकं सांगता आलं नसतं.

एकदा डॉक्टरांनी तिची छाती ऐकली. बराच वेळ ऐकली. मग कागद ओढून लिहिलं: धुळीतून काढा, बसून करायचं कोरडं काम द्या. तो कागद घेऊन मी मुकादमाकडे गेले. आधी म्हटलं, माझं यंत्र तिला द्या, मी दगडावर बसते. तो म्हणाला, नेढ्याला नजर लागते. ते खरं होतं. धुळीनं तिचे डोळे खरबरीत झाले होते, हातभर अंतरावरचं माणूस तिला धुक्यातलं दिसायचं. बोटं मात्र शाबूत. मूठभर सुया चाचपून सांगायची, तेवीस आहेत, पुडीला दोन कमी. मोजून बघावं तर तेवीसच.

"मग पुड्यांच्या खोलीत घ्या," मी म्हटलं. "तिथं बोटांनीच मोजतात."

मुकादमानं कागदाची घडी घातली, अगदी काळजीपूर्वक, नि मला परत दिली. "कोरडं काम वर आहे, हे खरं. पण कोरड्या कामाला कोरडा हात लागतो गं. तुमचा हात ओला. देवानं दिलाय तसा. त्याला तू काय करणार, मी काय करणार?"

मुकादम माणूस वाईट नव्हता असं म्हणतात. उद्या त्याच्या मयताला जाऊन कुणी त्याला वाईट म्हणणार नाही. पण मला विचाराल तर वाईट माणूस बरा. तो ओरडतो, आपण ओरडतो, मोकळं होतं. हा गोड बोलायचा नि दार लावून घ्यायचा.

त्याच सुमारास एक पेटी परत आली. समुद्रापलीकडच्या कुणा व्यापाऱ्यानं पाठवलेली, चिठ्ठीसकट: सुया गंजल्या आहेत. मालक स्वतः कारखान्यात उतरले. वर्षातून दोनदा दिसणारे मालक, त्या दिवशी हातात गंजकी सुई धरून तळमजल्यावर उभे. मुकादमानं लगेच सांगितलं, "खालच्या कुणाचा तरी हात लागला असणार, साहेब. भरताना, नेताना."

मी यंत्रावरून उठले. का उठले ते सांगता येत नाही. पाय दाबावरून सुटला एवढं खरं.

"साहेब, बघून घ्या की," मी म्हटलं. "वरच्या दोघी, खालच्या दोघी. मुठीत सुया द्या. कुणाच्या गंजतात ते कळेल."

मुकादम हसला. मालक हसले नाहीत. त्यांना वस्तीशी घेणंदेणं नव्हतं, पेटीशी होतं. "घ्या परीक्षा," ते म्हणाले. "आत्ता."

अशा रीतीनं मी आणि वहिनी पहिल्यांदा त्या अकरा पायऱ्या चढलो. वहिनी तीनदा थांबली. मालक वर ताटकळत होते नि ती सातव्या पायरीवर कठडा धरून म्हणते, "सावकाश हो वन्सं, एवढ्या उंचावरची हवा आपल्याला सोसायची नाही."

वर खिडक्या होत्या. सहा. मधोमध शेगडी, हवा कोरडी राहावी म्हणून. पाठ टेकायच्या खुर्च्या. मी इतकी वर्षं डोक्यावर खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकले होते, त्यांना पाठ आहे हे ठाऊक नव्हतं. आणि प्रत्येक खुर्चीशेजारी खिळ्याला एक पांढरी पुरचुंडी. एक बाई पुडी बांधता बांधता थांबली, पुरचुंडीवर दोन्ही तळवे थोपटले, पांढरी भुकटी उडाली, नि पुन्हा सुयांना हात घातला.

वहिनीला दिसलं नव्हतं, पण आवाजाच्या रोखानं तिनं पुरचुंडीला हात लावून पाहिला, बोटं चोळली, वास घेतला. "खडू आहे," ती म्हणाली. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी भोळेपणानं: "कोरड्या हातांना खडू कशाला लागतो हो?"

सगळ्यात थोरली, जिला सगळे पुडीबाई म्हणत, तिनं घसा साफ केला. "ती सवय आहे."

सवय. माझ्या आजीला, आईला, दादाला खाली ठेवलं ते हाताला घाम येतो म्हणून. आणि इथं वर घाम पुसायची सोय खिळ्याला टांगलेली. एकेकीला एकेक. एक पुरचुंडी जास्तीची कुणी शिवली असती, दहा मिनिटांचं काम, तर दादा आज पाठीच्या खुर्चीत बसला असता. मला त्या खोलीतली प्रत्येक खुर्ची उचलून खिडकीबाहेर फेकावीशी वाटली. मी मूठ आवळली, आणि कारकुनानं त्या मुठीत सुया दिल्या.

परीक्षा अशी. पंचवीस सुया उघड्या मुठीत, शंभर आकडे होईपर्यंत. खडू नाही. मग काळ्या कागदाच्या पुडीत. पुडीवर खूण. चारी पुड्या एका पत्र्याच्या डब्यात, आत ओलं फडकं, डब्याला कुलूप, किल्ली मालकांच्या खिशात. आठ दिवस. वरून पुडीबाई आणि तिच्या हाताखालची एक तरणी बाई. खालून वहिनी आणि मी.

आठव्या दिवशी डबा उघडला. कारकुनानं पुड्या पांढऱ्या कागदावर उलट्या केल्या.

तरण्या बाईच्या सुया स्वच्छ. पुडीबाईच्या तांबूस, टोकापासून नेढ्यापर्यंत. वहिनीच्या अशा चकचकीत, की कागदावर त्यांची सावलीसुद्धा उजळ वाटावी. आणि चौथी पुडी माझी. तांबूस. पुडीबाईच्या सुया नि माझ्या सुया शेजारी ठेवल्या असत्या तर त्यांच्या आईनंही ओळखल्या नसत्या.

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. दोन क्षण वाटली. मग मोजलं: वरची एक गंजली, खालची एक गंजली. वरची एक कोरडी, खालची एक कोरडी. शाळेत न गेलेल्या माणसालाही येईल असा हिशेब.

मुकादमानं तो वेगळा मांडला. पुडीबाईच्या सुयांकडे बोट दाखवून म्हणाला, "इथं जरा डाग पडलेत, साहेब. हवा दमट होती." मग माझ्या सुयांकडे. "हा मात्र गंज."

"रंग एकच आहे," मी म्हटलं.

"रंग एक असेल. कारण वेगळं."

वर डाग, खाली गंज. एकाच रंगाला दोन शब्द. दोघींचा घाम तोच, पण तिचा हवेतून आलेला, माझा वंशातून.

मालकांनी घड्याळ पाहिलं. "सगळ्यात चांगल्या कुणाच्या?"

"दगडावरच्या बाईच्या," कारकून म्हणाला. कारकून तरुण होता, त्याला कुठं काय बोलू नये ते अजून कळत नव्हतं.

"मग तिला वर बसवा. मला पेट्या परत आलेल्या नकोत." आणि ते गेले.

मी वहिनीचा दंड घट्ट धरला. ती म्हणाली, "सोडा वन्सं, काढून घ्याल."

दुपारी मुकादमानं आम्हा दोघींना जिन्याखालच्या टेबलाशी बोलावलं. हजेरीचं टेबल ते. कारकून वही उघडून बसलेला. मुकादम अडचणीत होता. मालकांचा शब्द मोडता येईना, आणि वर पुडीबाई म्हणत होती, खालची इथं बसली तर आम्ही उठतो. त्यानं त्यातून वाट काढली होती. वाट काढण्यात तो हुशार.

"तुझं माहेर कुठलं?" त्यानं वहिनीला विचारलं.

"आमच्या घरापासून तिसरं दार," वहिनी म्हणाली. "पाठवणीला आई रडायला लागली, आणि तिचं रडणं संपायच्या आत मी सासरी पोचले."

कारकून हसला. मुकादम नाही. "तसं नाही. नीट आठव. तुझी आजी, पणजी, कुणीतरी टेकडीवरची असेल. एवढा कोरडा हात उगीच येत नाही. आपण वहीत लिहू, माहेर वर. लग्न होऊन खाली आली. म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही. मालक खूश, वरच्या खूश, तुझी छातीही सुधारेल. फक्त तू हो म्हण आणि अंगठा दे."

मला समजायला जरा वेळ लागला. सुया चकचकीत निघाल्या म्हणून नियम खोटा ठरत नव्हता. सुया चकचकीत निघाल्या म्हणून वहिनीच खोटी ठरत होती. ती आमची नव्हतीच. असूच शकत नव्हती.

वहिनीच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"लिही म्हणावं," मी कुजबुजले.

"तुम्ही सांगता हे?"

"मीच सांगते. एक ओळ आहे. दादा नाही ऐकायला."

"ते नाहीत म्हणूनच," ती म्हणाली. "ते असते तर मी हसत अंगठा दिला असता. घरी जाऊन त्यांना चिडवलं असतं, की तुम्ही टेकडीवरची बायको पळवून आणली. आता ते नाहीत. मग कुणाला फसवतेय मी?"

"तू आडवी होऊन झोपलेली मला बघायचीय. बाकी मला काही कळत नाही."

तिनं माझ्याकडे मान वळवली. हातभरच अंतर होतं, तरी मी तिला धुक्यातच दिसत असणार. मग अंगठा पुढे केला.

ती वर गेली. पहिले चार दिवस काहीच फरक नाही. सातव्या की आठव्या दिवशी पहाटे जाग आली नि पडद्यापलीकडे आवाजच नव्हता. पडदा सारला. ती आडवी, एका कुशीवर, गाल हातावर, लहान मुलीसारखी झोपलेली. श्वास चालू. हळू, नि बिनशिट्टीचा. मी तिथंच जमिनीवर बसले नि ऐकत राहिले. मला वाटलं, जिंकलो. खोटं बोलून का होईना.

वरच्या गमती ती घरी येऊन सांगायची. "आज मला कारकून अहो म्हणाला. काल परवापर्यंत ए होते मी. अंगठ्याला शाई लागली नि नावाला अहो लागला." कधी म्हणायची, "मुकादम येऊन म्हणतो, बसा. मी बसलेलीच होते. उठून परत बसले, त्याचा मान राहावा म्हणून." पण जिन्यावर मी समोरून आले तर तिनं बोलायचं नाही, असं तिला बजावलेलं. मी तारेची टोपली घेऊन जिन्याखालून जायची, ती वरून उतरायची, आणि आम्ही दोघी एका खोलीत राहणाऱ्या, एका भांड्यातलं खाणाऱ्या, परक्यांसारख्या जायचो. मी मनात म्हणायची, जाऊ दे. श्वास घेतेय ना.

बावीस दिवस असे गेले. मग काकीची गोष्ट झाली.

काकी दगडावर वहिनीच्या शेजारी बसायची. वय चाळीस, दिसायला साठ. तिलाही डॉक्टरांनी तोच कागद दिला, अक्षरसुद्धा तेच. सकाळी हजेरीच्या रांगेत तिनं तो पुढे केला आणि म्हणाली, "माझीपण परीक्षा घ्या, मुकादम. त्या दोघींची घेतली तशी."

मुकादम थकल्यासारखा हसला. टेबलाच्या खणातून एक कागद काढला. त्यानं तो नीट, ठळक अक्षरात तयार करून ठेवला होता. वाचून दाखवला. टेकडीवरच्या तिघी: दोन कोरड्या, एकीला दमट हवेमुळे डाग. तिसरी म्हणजे वहिनी, वहीतल्या ओळीप्रमाणे. नदीकाठची एक: गंज.

"परीक्षा झालीय, काकी. मालकांसमोर झाली. पुन्हा पुन्हा काय घ्यायची? ही बघ, उभीच आहे, विचार हिला. काय गं नेढी, तुझ्या सुया गंजल्या की नाही?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मला बोलता आलं असतं. चार पुड्या होत्या, दोन तुमच्या, दोन आमच्या. पण ते बोलले असते तर वहिनी त्याच दिवशी खाली आली असती.

"गंजल्या," मी म्हटलं.

काकीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं. तिनं विश्वास ठेवला. स्वतःचा तळवा उलटा करून पाहिला, जणू त्यात आजवर तिला न दिसलेलं काही होतं, आणि कागद पदरात खोचून दगडावर जाऊन बसली. आम्ही मागितलेली परीक्षा आमच्याच गळ्याचा फास झाली होती. आधी ते नुसतं म्हणायचे. आता त्यांच्याकडे कागद होता, आणि त्या कागदाची साक्षीदार मी.

सुटीच्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात चादरी धूत होतो. एक टोक माझ्या हातात, एक वहिनीच्या, दोघी उलट्या दिशांना पिळत. पिळता पिळता मी तिला काकीचं सांगितलं. सांगणार नव्हते. पण चादर पिळताना माणसाच्या पोटातलंही निघतं.

"मग तू काय म्हणालीस?" वन्सं नाही, तुम्ही नाही. थट्टा संपली होती.

"गंजल्या म्हणाले."

"आणि माझ्या?"

"तुझं नावच नाही काढलं."

चादरीतून पाणी गळायचं थांबलं होतं, तरी ती पिळतच राहिली. "म्हणजे तूही अंगठा दिलास."

"कुणासाठी दिला?" माझा आवाज चढला. "पडद्यामागं रात्र रात्र कोण बसायचं? मी ऐकायचे ना ते, की काकी यायची ऐकायला? दादाला ऐकलं, मग तुला ऐकलं. आता मला नाही ऐकायचं कुणाला. जगात सगळ्यांची छाती मी नाही सांभाळणार. एक वाचली, पुरे."

"तुझी भूक मोठी नव्हती कधी," वहिनी म्हणाली. "एक मिळालं की पुरे म्हणतेस. म्हणून तर ते एकच देतात."

मी चादर सोडून दिली. ती मातीत पडली. आम्ही दोघींनी ती पुन्हा धुतली, एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या रांगेत वहिनी वरच्यांमध्ये उभी, मी खालच्यांमध्ये. तिचा नंबर आला. कारकून म्हणाला, "या बाई." ती टेबलाजवळ गेली, वाकली, वहीवर हात ठेवला.

"माझ्या नावापुढची ती ओळ खोडा, भाऊ. माहेर वर लिहिलंय ती. माझं माहेर खाली आहे. नेढीच्या घरापासून तिसरं दार. इथल्या निम्म्या बायका माझ्या लग्नात जेवून गेल्यात."

मुकादम जिन्याजवळ होता. तो पुढे आला. "अहो, काय चाललंय? कामाची वेळ आहे." मग जवळ येऊन, दात न उघडता: "वेडी आहेस का? गप वर जा."

"जाते. ओळ खोडली की जाते."

"ओळ खोडली तर दगडावर जाशील."

"जाईन."

"दगडावरही नाही," मुकादम म्हणाला. आता सगळ्यांना ऐकू येत होतं. "खोटी माहिती देऊन वर बसलीस. कामावरूनच काढावं लागेल."

ते खोटं त्यानंच शिजवलं, त्यानंच वाढलं, आता तेच खाल्लं म्हणून शिक्षाही तोच देणार. मी रांगेतून बाहेर पडले. पण वहिनी माझ्या आधी बोलली, नि ओरडून नाही. दम जपत, तीन तीन शब्द टाकत बोलली.

"काढा की. फक्त कारण लिहा. भाऊ, लिहा. खालच्या वस्तीतल्या बाईनं, सव्वीस दिवस, वर बसून पुड्या बांधल्या. किती पेट्या गेल्या, ते लिहा. त्यांतली एकही, गंजून परत आली नाही, ते लिहा. खाली मुकादमांची सही. तो कागद मला द्या, मी घरी जाते. नाही लिहायचं? मग मी टेकडीवरचीच राहिले. मग टेकडीवरच्या बाईला, काढून दाखवा. कुठल्या कारणानं काढता, तेही मला ऐकायचंय."

कारकुनानं टाक शाईत बुडवला आणि तसाच हवेत धरला. शाईचा एक थेंब वहीवर पडला. त्यानं मुकादमाकडे पाहिलं.

मुकादम काय लिहायला सांगणार? तिला खालची म्हणावं तर खालच्या हातानं भरलेल्या पेट्या समुद्रापलीकडे पोचल्या होत्या आणि लोक त्या सुयांनी शिवत बसले होते. वरची म्हणावं तर हात लावायची सोय नाही. जिन्याच्या चौथ्या पायरीवर पुडीबाई उभी होती. तिनं दोन्ही हात सावकाश झग्याच्या खिशात घातले.

"माझंही लिहा," मी म्हटलं. "माझा हात गंजतो. माझा. वस्तीचा नाही. आणि पुडीबाईंचा गंजतो, तो त्यांचा. टेकडीचा नाही."

"तू यंत्रावर जा," मुकादम म्हणाला.

मी गेले नाही. वहिनीनं टेबलाची कड धरली होती, तीही हलली नाही. घंटा झाली. एरवी घंटेबरोबर दगड फिरू लागत आणि जमीन थरथरायला लागे. आज जमीन शांत होती. दगडावरच्या सगळ्या जणी आमच्या मागं रांगेतच होत्या, फडकी गळ्यात लोंबत.

त्यांच्यातून काकी पुढे आली. खोकत, एका हातानं रांगेतल्या बायकांचे खांदे धरत. तिनं वहिनीला जरा बाजूला सारलं आणि आपला तळवा उघडा करून वहीवर, त्या ओल्या थेंबाशेजारी ठेवला.

"द्या की सुया," ती म्हणाली. "गंजला तर गंजला म्हणून लिहा. पण बघून लिहा."

कारकुनानं मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं दाराकडे. काकीचा हात होता तिथंच होता, आणि मागं दारातून अजून बायका येऊन रांगेला लागत होत्या, पुढच्यांना विचारत होत्या, काय झालं, रांग का थांबलीय.